महाड-पोलादपूर परिसरातील तातडीची रुग्णशुश्रूषा : विंचूदंशाच्या उपचारपद्धतीच्या निमित्ताने परिचारिकेच्या अधिकारक्षेत्राचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांत महाडचे नाव प्रामुख्याने दोन संदर्भांत येते. एक, तालुक्यातच असलेला रायगड आणि त्या अनुषंगाने शिवकाळ. दुसरा, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला चवदार तळ्याचा सत्याग्रह. शेजारच्या पोलादपूर तालुक्याचा उल्लेख उमरठ येथील तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे होतो. या दोन तालुक्यांचा तिसरा इतिहासही आहे, तो वैद्यकाचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात लाल विंचवाच्या दंशावरील जी उपचारपद्धती पुढे देशाबाहेरही स्वीकारली गेली, ती या परिसरातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू झालेल्या निरीक्षणांतून आकारास आली. ही हकीकत आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. ती नेहमी एका डॉक्टरच्या जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते आणि तशी सांगणे योग्यच आहे. तथापि तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. या उपचारपद्धतीचे स्वरूप तपासले असता, तिचा मोठा भाग रुग्णाच्या खाटेजवळ बसून तासन्‌तास करावयाच्या कामाचा, म्हणजे शुश्रूषेचा आहे, असे दिसून येते.

अमेरिकेत ‘अॅक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर’ नावाची एक व्यवसायशाखा गेल्या तीन-साडेतीन दशकांत स्थिर झाली आहे. अकस्मात व गंभीर आजारी झालेल्या रुग्णाची तपासणी करणे, चाचण्या सांगणे, ठरलेल्या मर्यादेत औषध योजणे आणि त्याच्या प्रकृतीवर सतत लक्ष ठेवणे हे अधिकार असलेली उच्चशिक्षित परिचारिका, असा तिचा थोडक्यात अर्थ. भारतात २०१६ साली याच धर्तीवरील अभ्यासक्रम सुरू झाला. महाड-पोलादपूरसारख्या प्रदेशात अशा परिचारिकेचे काम पूर्वीपासून अस्तित्वात होते. पद, शिक्षण आणि अधिकार मात्र नव्हते. या विसंगतीचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रदेश आणि रुग्ण :

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे येते. पोलादपूरहून पूर्वेस आंबेनळी घाट महाबळेश्वरला जातो, दक्षिणेस कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. तालुक्याची गावे मोठ्या रस्त्यावर थोडी. बाकीची वाड्यांच्या रूपाने डोंगरउतारावर विखुरलेली. कित्येक वाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागे. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला, म्हणजे महाडपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा असेच होते, त्यामुळे १९७०च्या दशकातील कागदपत्रे चाळणाऱ्याने ‘रायगड’ शोधू नये, एवढी सूचना येथे करणे अस्थानी होणार नाही.

लाल विंचू या भागाचा जुना रहिवासी. दगडांच्या खाली, सरपणाच्या मोळीत, भाताच्या पेंढ्यात, गोवऱ्यांच्या ढिगात तो दडून राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडाशी शेताची भाजावळ, कौले शाकारणे, लाकूडफाटा भरून ठेवणे ही कामे निघतात, आणि याच काळात दंशाच्या घटना वाढतात. दंश होतो तो बहुधा हाताला किंवा पायाला, आणि होतो तो शेतकऱ्याला, मजुराला, अनवाणी मुलाला. गावात आधी भगताला बोलावून विंचू उतरवण्याची रीत होती. तिची टिंगल करणे सोपे आहे. पण ज्या काळात दवाखान्यात नेऊनही मूल वाचत नसे, त्या काळात लोकांनी मांत्रिकावर विसंबणे हे केवळ अज्ञानाचे लक्षण मानता येत नाही.

दंश झालेल्यांपैकी बहुतेकांना केवळ तीव्र वेदना होते आणि ती काही तासांनी ओसरते. धोका असतो तो दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला. त्याला वेदना कमी असू शकते. मात्र उलट्या होतात, अंगातून घामाच्या धारा लागतात, लाळ गळते, हातपाय थंडगार पडतात, पुरुष रुग्णांत व मुलग्यांत लिंगताठरता आढळते. विषामुळे मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते. रक्तदाब भराभर वाढतो, हृदयावर अतोनात ताण येतो, पुढे फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण गुलाबी फेस टाकत दगावतो. हा सारा प्रवास काही तासांचा असतो. म्हणजेच संध्याकाळी बोलत-चालत आलेला मुलगा पहाटे गेलेला असे.

बिरवाडीचे निरीक्षण :

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. त्या वेळी विंचूदंशाने गंभीर झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत होते. पाठ्यपुस्तकात या विषयाला जेमतेम परिच्छेदभर जागा. उपचार म्हणून पेथिडीन, क्लोरप्रोमाझीन व प्रोमेथाझीन यांचे मिश्रण असलेले ‘लायटिक कॉकटेल’, स्टिरॉइड, अॅलर्जीविरोधी औषधे अशी जुळवाजुळव चाले. यांपैकी काही औषधांनी श्वसन मंदावून रुग्णाचे अधिकच नुकसान होई.

केंद्रात अतिदक्षता विभाग नव्हता. उपलब्ध साधने म्हणजे रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि हाताचा स्पर्श. डॉ. बावस्करांनी नेमकी याच साधनांनी नोंद ठेवली. रुग्णापाशी रात्रभर थांबून, कोणते लक्षण आधी येते, कोणते नंतर, रक्तदाब कधी चढतो, छातीत घरघर कधी सुरू होते, याचा क्रम त्यांनी लावला. त्याचे फलित १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेला लेख होय. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वसूचना देणारी चिन्हे कोणती, हा त्याचा विषय. उलटी, घाम, लिंगताठरता आणि थंड हातपाय ही ती चिन्हे. ती दिसल्यास पुढील काही तास धोक्याचे, न दिसल्यास काळजी कमी.

या निष्कर्षाचे महत्त्व वैद्यकीय आहे तसेच सामाजिकही. ही चिन्हे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. हृदयालेखही लागत नाही. उपकेंद्रावरील परिचारिका, जिला गावात सगळे ‘नर्सबाई’ म्हणतात, ती हाताचा पंजा रुग्णाच्या पावलावर ठेवून यातले अर्धे निदान करू शकते. एक अडचण मात्र शिष्टाचाराची आहे. लिंगताठरता हे महत्त्वाचे चिन्ह असूनही नातेवाईक ते सांगत नाहीत, आणि स्त्री-कर्मचाऱ्याला विचारण्यास संकोच वाटतो. पांघरूण बाजूला करून पाहणे आणि केसपेपरवर तसे लिहिणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानावा लागतो. तो आपोआप अंगी येत नाही.

गोळी आणि तक्ता :

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून डॉ. बावस्कर पुन्हा याच परिसरात परतले. हृदयावरील ताण कमी करावयाचा तर आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल कराव्या लागतील, हे तत्त्व धरून त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. औषध प्रभावी होते, परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, उजेडापासून झाकून ठेवावे लागते आणि रक्तदाब जवळजवळ सतत मोजत राहावे लागते. एवढा बंदोबस्त करणे मोठ्या रुग्णालयाला शक्य होते. खेड्यातील केंद्रात तो एका व्यक्तीच्या जागरणावरच अवलंबून राही.

त्यानंतर आले प्राझोसिन. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही तोंडाने घ्यावयाची गोळी. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या सहकारी व पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढील वर्षांत या उपचाराने मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले. चाळीस टक्क्यांवरून एक टक्का ही घसरण एखाद्या महागड्या यंत्राने घडलेली नाही, ही बाब आरोग्यसेवेच्या इतिहासकाराने अधोरेखित करावी अशी आहे.

नायट्रोप्रुसाइडकडून प्राझोसिनकडे जाणे म्हणजे केवळ औषधबदल नव्हे. शिरेतून द्यावयाचे औषध निष्णात डॉक्टरच्या देखरेखीची मागणी करते. गोळी परिचारिकेच्या हातात देता येते. परंतु गोळी देऊन काम संपत नाही. किंबहुना काम तेथून सुरू होते. बावस्करांच्या पद्धतीनुसार नाडी, श्वसन व रक्तदाब पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढील सहा तास दर तासाने आणि नंतर सुधारणा होईपर्यंत दर चार तासांनी पाहावयाचे असतात. मुलांत वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम या हिशोबाने दिलेली मात्रा तीन तासांच्या शेवटी प्रकृती पाहून पुन्हा द्यावयाची, मग दर सहा तासांनी, आणि कोठवर? तर हातपाय उबदार व कोरडे होऊन त्वचेवरील शिरा सहज दिसू लागेपर्यंत. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावयाचे आणि आईला सांगावयाचे, की मूल रडले तरी कडेवर उचलून घेऊ नका. घाम व उलट्यांनी गेलेले पाणी तोंडाने भरून काढावयाचे.

हा तक्ता कोणत्याही परिचर्याशास्त्राच्या अध्यापकाला दाखवला तर तो त्यास परिचर्येचा आराखडाच म्हणेल. त्यात निदान आहे, मात्रेचा हिशोब आहे, औषध पुन्हा द्यायचे की थांबवायचे याचा निर्णय आहे, धोक्याची जाणीव आहे आणि नातेवाइकांना द्यावयाची सूचना आहे. पावले गरम झाली की नाहीत, यावर औषध थांबवण्याचा निर्णय अवलंबून असेल, तर तो निर्णय पावलाला हात लावणाऱ्या व्यक्तीचा असतो. कागदावर सही कोणाची, हा प्रश्न वेगळा.

याच मुद्द्याला २०११ साली वेगळ्या प्रकारे पुष्टी मिळाली. महाड येथील बावस्कर हॉस्पिटल अँड क्लिनिकल रिसर्च सेंटरमध्ये ७० रुग्णांवर झालेला तुलनात्मक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३५ रुग्णांना केवळ प्राझोसिन, तर ३५ रुग्णांना प्राझोसिनबरोबर विंचूप्रतिविषही देण्यात आले. दहा तासांच्या अखेरीस पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२ होती. बरे झाले हे कशावरून ठरवले? घाम, लाळ, थंड हातपाय, लिंगताठरता, रक्तदाब, नाडी यांवरूनच. जागतिक कीर्तीच्या नियतकालिकाने मान्य केलेले मोजमाप खाटेजवळच्या निरीक्षणाचेच होते. निबंधावर नावे दोन डॉक्टरांची आहेत, आणि संशोधनाची जबाबदारी त्यांची असल्याने ते रास्त आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले, तेही उचितच. परंतु वैद्यकाच्या इतिहासात शोधाची नोंद राहते, जागरणाची राहत नाही, ही जुनीच त्रुटी येथेही जाणवते.

या पद्धतीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. रुग्ण उशिरा आला, फुप्फुसांत पाणी भरून गेले, रक्तदाब कोसळू लागला, तर एकट्या गोळीने भागत नाही. प्राणवायू, शिरेतून द्यावयाची औषधे, कधी कृत्रिम श्वसन यांची गरज पडते. तसेच मण्यार चावलेल्या रुग्णाचे. तो जमिनीवर झोपलेला असताना दंश होतो, खूण सापडत नाही, पहाटे पापण्या जड होतात आणि काही तासांत श्वास थांबतो. तेथे प्रतिविषाबरोबर हाताने दाबावयाच्या फुग्याने श्वास देत रुग्णाला पुढच्या रुग्णालयापर्यंत न्यावे लागते. म्हणजे परिचारिकेच्या स्वतंत्र अधिकाराची सीमा आहे, आणि ती कोठे संपते हे ओळखणे हाच त्या अधिकाराचा सर्वांत अवघड भाग आहे.

परिचारिकेची घडण : दुसऱ्याच कामासाठी

भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली व शिक्षणाला एकसूत्रता आली. ग्रामीण भागासाठी सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच ए.एन.एम., हा संवर्ग निर्माण झाला. नावातच तिचे काम सांगितले होते : सहायक आणि प्रसाविका. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्यसेविका केले. उद्देश वाढले ते लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप यांचे. नोंदवह्या वाढल्या. बिरवाडीत विंचूदंशाची निरीक्षणे सुरू झाली ती याच दशकात. परंतु त्या काळी ज्या साच्यात ग्रामीण परिचारिका घडवली जात होती, त्यात रात्री अकरा वाजता थंडगार पडलेल्या मुलाचे काय करावयाचे, याला जागा नव्हती.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो या विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक वाटतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात केंद्र शासनाने ए.एन.एम. व स्टाफ नर्स यांना प्रसूतीच्या वेळच्या ठराविक आणीबाणीत काही औषधे स्वतः देण्याची मुभा दिली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन, झटके येणाऱ्या गर्भवतीस मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, ही त्यातील ठळक उदाहरणे. पहिली मात्रा द्यावयाची आणि रुग्णाला पुढे पाठवावयाचे. मॅग्नेशियम सल्फेट हे प्राझोसिनपेक्षा निर्धोक औषध नाही. चूक झाली तर श्वास थांबू शकतो. तरीही शासनाने तो अधिकार दिला, कारण माता दगावत होत्या आणि डॉक्टर वेळेवर पोहोचत नव्हते. हे तत्त्व एकदा मान्य झाले की ते विंचूदंशालाही लागू पडते. ते न लावण्यामागे वैद्यकीय कारण दिसत नाही. मातामृत्यूसाठी राष्ट्रीय कार्यक्रम होता, तर विंचू हा कोकणातल्या आणि दख्खनच्या गरिबांचा आजार राहिला, एवढाच फरक.

याच अभियानाने चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तीन परिचारिकांचे प्रमाण ठरवले. तीन पाळ्या, तीन परिचारिका, असा तो सरळ हिशोब. परंतु आठवड्याच्या पाळ्या एकवीस होतात आणि साप्ताहिक सुट्टी धरून तिघी मिळून अठराच पाळ्या करू शकतात. रजा, बाळंतपण, प्रशिक्षण, सभा यांचा विचार यात केलेलाच नाही.

परदेशातील वाट आणि येथील वाट :

नर्स प्रॅक्टिशनरचा उगम १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात झाला. लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हा बालरोगतज्ज्ञ, यांनी मिळून तो अभ्यासक्रम आखला. मुलांसाठी, आणि विशेषतः डॉक्टरांची वाण असलेल्या वस्त्यांसाठी. म्हणजे प्रारंभ अभावातून झाला, खेड्याच्या गरजेतून झाला. ‘अॅक्यूट केअर’ ही शाखा नंतरची. ती रुग्णालयाच्या आत जन्मली. तिची पहिली प्रमाणन परीक्षा १९९५ मध्ये झाली. २००३ मध्ये तेथील निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ८० तासांपुरते मर्यादित करण्यात आले, तेव्हा रात्रीच्या वेळी अतिदक्षता विभागात कोण उभे राहणार, या प्रश्नामुळे या शाखेची मागणी आणखी वाढली.

भारताने यातील दुसरी वाट उचलली. भारतीय परिचर्या परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. प्रवेशासाठी परिचर्येची पदवी, नोंदणी आणि किमान एक वर्षाचा रुग्णालयीन अनुभव आवश्यक. अभ्यासक्रमात वर्गातील शिक्षणाचा वाटा सुमारे २० टक्के, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेचा ८० टक्के आहे. विद्यार्थिनीने अतिदक्षता विभागात पाळ्या करीत शिकावयाचे, प्रत्येक कौशल्याची नोंद ठेवावयाची, आणि ठरलेल्या लेखी नियमावलीच्या मर्यादेत तपासण्या व औषधे यांबाबत निर्णय घ्यावयाचा. शैक्षणिकदृष्ट्या ही योजना चांगली आहे. एरवी आपल्याकडील पदव्युत्तर परिचर्या शिक्षण माणसाला खाटेपासून उचलून वर्गात नेऊन बसवते. ही योजना त्याला खाटेजवळ ठेवते.

प्रश्न आहे तो खाट कोठली, याचा. या परिचारिकेची कल्पना केली आहे ती व्हेंटिलेटर, मॉनिटर, चोवीस तास प्रयोगशाळा आणि हाकेच्या अंतरावरील तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात. महाडच्या रुग्णाला तीच कौशल्ये या सर्वांच्या अभावी लागतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियमाने सामुदायिक आरोग्य सेवकास मर्यादित परवान्याची तरतूद केली, परंतु स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेपुरतीच ठेवली. एका बाजूला गंभीर रुग्णासाठी घडवलेली परिचारिका शहरात, दुसऱ्या बाजूला खेड्यात अधिकार आहे पण तो गंभीर नसलेल्या रुग्णापुरता. विंचूदंशाचा रुग्ण या दोन व्यवस्थांच्या बरोबर मध्ये पडतो. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत झाला. ही मधली जागा भरण्याची संधी त्यानिमित्ताने पुन्हा समोर आली आहे.

वैद्यक व्यवसायातून यावर नेहमी आक्षेप घेतला जातो, की अर्धशिक्षित व्यक्तींच्या हाती औषधे दिल्यास भोंदू डॉक्टरांचा सुळसुळाट होईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र ज्या ठिकाणी पर्याय डॉक्टर विरुद्ध परिचारिका असा नसून परिचारिका विरुद्ध कोणीच नाही असा असतो, तेथे त्याची धार बोथट होते.

दरड, पूल आणि घाट :

गेल्या दोन दशकांत या परिसराने ज्या आपत्ती सोसल्या, त्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आणला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते आणि पोलादपुरातील कोंढवी येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्याही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून केवळ एक जण वाचला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक बळी गेले, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, आणि महाड शहर स्वतः पुराच्या पाण्याखाली होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट झाला.

या घटनांवरून ‘परिचारिका असत्या तर इतके प्राण वाचले असते’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दरडीखाली किंवा पुरात सापडलेल्यांपैकी उपचार करण्यासारखे फार थोडे उरतात. त्या प्रसंगी महत्त्वाचे ठरते ते हे, की २०२१ साली शहर बुडाले आणि रस्ते तुटले, तेव्हा बाहेरून येणारे कोणीही काही तास पोहोचू शकत नव्हते. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांसह सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही मोठीच सुधारणा. पण रुग्णवाहिका रस्त्यावरून चालते. आपत्तीच्या पहिल्या काही तासांत जी यंत्रणा उपलब्ध असते, ती गावातच वस्तीला असलेल्या माणसांची. आरोग्य खात्यापुरते बोलायचे तर उपकेंद्रावरच्या नर्सबाईची आणि केंद्रावर त्या पाळीला असलेल्या स्टाफ नर्सची. शिवाय त्याच दिवशी कोणाला प्रसूतिवेदना सुरू असतात, कोणाला पेंढा हलवताना विंचू डसलेला असतो.

अशा परिचारिकेला कोणते शिक्षण हवे, याचा आराखडा या परिसराच्या रुग्णांनीच तयार करून दिलेला आहे. विंचूदंशाची चारही चिन्हे ओळखणे व प्राझोसिनची पहिली मात्रा. मण्यारीच्या दंशात पापण्यांवर आणि श्वासावर लक्ष ठेवणे, प्रतिविष सुरू करणे, फुग्याने श्वास देणे. घाटातील अपघातात रक्तस्राव थांबवणे व मान स्थिर ठेवून हलवणे. कारखान्यातील भाजलेल्या व वायूने गुदमरलेल्या कामगाराचा श्वसनमार्ग मोकळा ठेवणे. आणि अनेक जखमी एकदम आल्यास आधी कोणाकडे जायचे याचा निर्णय. यातील प्रत्येक गोष्ट लेखी नियमावलीत बसते. यातील एकीसाठीही महाडच्या परिचारिकेला मुंबईच्या अतिदक्षता विभागात दोन वर्षे घालवण्याची गरज नाही. काही महिन्यांचे निवासी प्रशिक्षण, तेही अशा रुग्णांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या ठिकाणी, पुरेसे ठरू शकते. तसा अनुभव देशात मोजक्याच जागी आहे आणि त्यांपैकी एक जागा महाडच आहे.

अंमलबजावणीचा एक बारीकसा प्रश्न तक्त्यातच दडलेला आहे. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने म्हणजे सहा नोंदी, पुढचे सहा तास दर तासाने म्हणजे आणखी सहा. बारा नोंदी, नऊ तास. पाळी मात्र आठ तासांची असते. त्यामुळे रुग्ण पाळीच्या अगदी पहिल्या मिनिटाला जरी आला, तरी त्याची शेवटची नोंद दुसऱ्या परिचारिकेच्या हातून व्हावयाची असते. आणि तो मध्यरात्री आला, तर तीन तासांनंतरच्या दुसऱ्या मात्रेनंतरचे सगळे निर्णय पाळी बदलण्याच्या दोन्ही बाजूंना विभागले जातात. पहिल्या परिचारिकेने ‘पाय थंड’ एवढेच लिहिले असेल, तर दुसरीला ते गुडघ्यापर्यंत थंड होते की केवळ बोटे, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यासाठी केसपेपरवर एक वेगळा रकाना आखावा लागेल, आणि एकवीसपैकी ज्या तीन पाळ्यांना कोणीच नेमलेले नाही, त्या पाळ्यांना तो कोणी भरावयाचा, हेही त्याच कागदावर ठरवावे लागेल.